पोराला हॉस्टेलात मारतात, तक्रार कुठं करायची? आधी ते हॉस्टेल कुणाच्या वहीत आहे ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही खानापूर तालुक्यातले, बहिणीचा नवरा वारला, ती गोव्याला घरकामाला असते, तिची दोन लेकरं, नऊ वर्षांचा मुलगा आणि धाकटी मुलगी, बेळगाव-चंदगड रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या शाळा-कम-हॉस्टेलात ठेवलेली आहेत. दसऱ्याच्या सुट्टीला फक्त मुलाला पाठवलं, बोटांच्या बेचक्यात खरूज, पाठीवर वळ, 'सर पट्ट्यानं मारतात' म्हणतोय. मुलगी अजून तिथंच आहे. सीडीपीओ (तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसला गेला तर ते म्हणाले हे आमच्यात येत नाही, बीईओकडे (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे) जावा. बीईओ म्हणाले शाळा आमची, हॉस्टेल आमचं नाही. पोलिस म्हणाले लिहून आणा, कन्नडमध्ये आणा. आणि तुमचे प्रश्न दोन, सरकारचं असल्या संस्थांवर लक्ष असतं की नाही, आणि पोरं घरी आणली तर खर्च कुणी बघायचा.

मी बॉर्डरच्याच पट्ट्यात बरीच वर्षं मुलांच्या कामात आहे, आधी संस्थेतून गावोगाव, मग एक टर्म बालकल्याण समितीवर (मुलांच्या काळजी-संरक्षणाच्या ऑर्डर देणारी जिल्ह्याची समिती), नंतर इन्स्पेक्शनच्या टीममधूनही फिरले. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. तुमच्या संस्थेचं नाव इथं विचारत नाही, तुम्हीही टाकू नका, मुलांची नावं-फोटो तर अजिबात नको. बालन्याय कायद्याचं कलम ७४ आहे, मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यातून मामालाही सूट नाही.

तुम्हाला वाटतंय की कुणाचंच लक्ष नाही. माझा अनुभव उलटा आहे, लक्ष ठेवणारे पाच-सहा जण आहेत आणि प्रत्येकजण फक्त आपल्या वहीत नाव आहे का एवढंच बघतो. बीईओच्या वहीत शाळा. समाजकल्याण आणि बीसीएमवाल्यांच्या (मागासवर्गीय कल्याण खात्याच्या) वहीत त्यांची सरकारी हॉस्टेलं. सीडीपीओकडे अंगणवाड्या, म्हणजे १९७५ पासून चालत आलेली आयसीडीएस, पोषण आहार, गरोदर बायकांचं बघणं, ते सगळं. ट्रस्टनं स्वतःच्या जागेत बांधलेलं हॉस्टेल यातल्या कुणाच्याच वहीत नसू शकतं. म्हणजे सीडीपीओ तुमच्याशी खोटं बोलले नाहीत, फक्त पुढचा दरवाजा दाखवला नाही, आणि हा दरवाजा न दाखवणं हाच आपल्याकडचा खरा रोग आहे.

तो दरवाजा असा. बालन्याय कायदा २०१५ चा, जानेवारी २०१६ पासून लागू. त्याच्या कलम ४१ मध्ये लिहिलंय की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं जिथं पूर्णतः किंवा अंशतः ठेवली जातात ती प्रत्येक संस्था या कायद्याखाली रजिस्टर पाहिजे, सरकारी ग्रँट घेते की नाही याचा संबंध नाही. हे 'अंशतः' लक्षात ठेवा, तुमची सगळी केस त्याच्यावर उभी राहू शकते. बोर्डावर हॉस्टेल लिहा, आश्रम लिहा, गुरुकुल लिहा, आत बाप नसलेली, आई बाहेरगावी कामाला असलेली, घरी सांभाळायला कुणी नाही अशी मुलं कायम राहत असतील तर 'आम्ही फक्त हॉस्टेल' हे उत्तर सहजासहजी चालत नाही. सुप्रीम कोर्टानं मे २०१७ मध्ये अनाथाश्रमांतल्या मुलांच्या शोषणाच्या केसमध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की अशा सगळ्या संस्थांची नोंदणी त्या वर्षाअखेर पूर्ण करा. रजिस्टर न करता चालवली तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी एक लाख दंड किंवा दोन्ही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न 'मारलं का' हा नको, तो दुसरा. पहिला प्रश्न, ही संस्था बालन्याय कायद्याखाली रजिस्टर आहे का, असेल तर नंबर काय आणि मंजूर संख्या किती. आणि हा प्रश्न सीडीपीओला नाही विचारायचा, जिल्हा बालसंरक्षण घटकाला विचारायचा, डीसीपीयू म्हणतात तो. महिला आणि बालविकास खात्याचाच भाग आहे पण जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो, तालुक्याला नाही, म्हणून लोकांना माहीतच नसतं.

आता काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत आणि उत्तर त्याच्यावर अवलंबून आहे.

एक म्हणजे हे हॉस्टेल बॉर्डरच्या कुठल्या बाजूला आहे. तो रस्ता बाचीपर्यंत कर्नाटक आणि शिनोळीपासून कोल्हापूर जिल्हा. आपण रोज ये-जा करतो, आपल्याला काही वाटत नाही, पण फायलीला वाटतं. अलीकडे असेल तर बेळगावची बालकल्याण समिती आणि बेळगावचे डीसी (कर्नाटकात जिल्हाधिकाऱ्यांना डीसी म्हणतात), पलीकडे असेल तर कोल्हापूरची समिती आणि कोल्हापूरचे जिल्हाधिकारी. पलीकडे असेल तर एक फायदा, सगळं मराठीत चालतं. पण मुलगा आत्ता तुमच्या घरी, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात आहे, त्यामुळे त्याला बेळगावच्या समितीपुढं उभं करायला काहीच अडचण नाही, पुढचा पत्रव्यवहार दोन समित्यांनी आपसात करायचा. मूल दुसऱ्या जिल्ह्याचं किंवा राज्याचं निघालं तर त्याच्या घरच्या समितीशी बोलून त्याला तिकडं पाठवायची तरतूद कलम ९५ मध्ये आहे, ऑर्डर झाल्यापासून पंधरा दिवसांत पोलिसांनी सोबत नेऊन सोडायचं आणि मुलगी असेल तर बाई पोलिस सोबत पाहिजे. कुणी 'हे महाराष्ट्राचं मॅटर, आम्ही नाही घेत' म्हणालं तर वाद घालू नका, 'असं लेखी द्या' म्हणा. तोंडी 'नाही' म्हणायला काही लागत नाही, लेखी द्यायची वेळ आली की मग वाचून बघतात.

दुसरं, पोरांना तिथं कसं ठेवलं. तुमच्या बहिणीनं स्वतः जाऊन फॉर्म भरून सोडलं असेल तर ती आई आहे, पालक आहे, ती उद्या जाऊन मुलीला घेऊन येऊ शकते, कुणी अडवू शकत नाही. पण बालकल्याण समितीच्या ऑर्डरनं ठेवलं असेल तर मुलांचा ताबा समितीच्या ऑर्डरखाली आहे, मग परस्पर घेऊन आलात तर तुम्हीच अडचणीत येणार, समितीकडूनच घरी सोडण्याची ऑर्डर घ्यायची. बहिणीला विचारा, त्या वेळी कुठल्या ऑफिसात बसवून चौघा-पाच जणांनी प्रश्न विचारले होते का, कागदावर सही-अंगठा घेतला होता का. बायकांना बहुतेक वेळा आठवत असतं, फक्त ते काय होतं ते कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरं, तुम्ही मामा. कळवायला आणि तक्रार करायला मामाच काय, शेजारीसुद्धा चालतो. पण ताबा मागायला आईची सही पाहिजे, म्हणून बहिणीला गोव्याहून दोन दिवस बोलवून घ्या, फोनवर हे काम होत नाही.

आता करायचं काय. मुलापेक्षा आधी मुलीचं बघा. मुलगा तुमच्याकडं आहे, त्याला आज कोण मारत नाही. मुलगी आत आहे आणि भाऊ सुट्टीत घरी जाऊन काय बोलला ते एव्हाना तिथं कळलं असणार असं समजूनच चाला. बालकल्याण समिती, सीडब्ल्यूसी, यांना अर्ज द्या. समितीत अध्यक्ष आणि चार मेंबर, प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटचे अधिकार, महिन्यातून कमीत कमी वीस दिवस बसायला पाहिजे असं कायदा म्हणतो. बऱ्याच ठिकाणी बालमंदिराच्या, म्हणजे सरकारी बालगृहाच्या, आवारातच बसते. अर्जात रामायण नको. मुलांचं वय, संस्था कुठं, कधीपासून, मुलाच्या अंगावर काय दिसलं, मुलगी अजून आत आहे, तिला तातडीनं समितीपुढं आणावं, तिच्याशी संस्थेचं कुणी सोबत नसताना बोलावं, आणि संस्थेची नोंदणी तपासावी. एवढंच. खाली तारीख, सही, आणि दुसऱ्या कॉपीवर पोच. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. त्याच दिवशी १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनलाही फोन लावा, २०२३ पासून ती लाईन सरकारनं स्वतःकडं घेतली आणि ११२ शी जोडली, उचलणारा माणूस बेळगावचाच असेल असं नाही, सरळ सांगा मराठी किंवा हिंदीत बोलणार, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

मुलाला सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि हे अर्जाच्याही आधी, कारण वळ चार-आठ दिवसांत फिके पडतात आणि मग राहतो फक्त तुमचा शब्द. डॉक्टरांना सांगा की हॉस्टेलात मारलं असं मूल म्हणतंय, एमएलसी, म्हणजे पोलिस केससाठीची मेडिकल नोंद, करा. खरजेचीही नोंद करून घ्या, ती पुरावा म्हणून कमी समजू नका, एकाच अंथरुणात पोरं कोंबलेली असली, कपडे-चादरी वेळेवर धुतल्या जात नसल्या की खोलीभर खरूज पसरते. (आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावा, नाहीतर मुलाची बरी होईल आणि तुमच्या घरात फिरत राहील.)

मुलाला मात्र दहा जणांनी दहा वेळा विचारू नका. शेजारची काकू आली की 'सांग रे बाळा काय केलं सरांनी', मग दुसरी आली की परत, हे मी फार बघितलंय. मूल प्रत्येक वेळी थोडं वाढवतं किंवा थोडं गिळतं, आणि समितीपुढं आलं की संस्थेचा वकील म्हणतो पढवून आणलंय. मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबातच नाही. मुलानं स्वतःहून सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत लिहून ठेवा. समितीच्या दिवशी नेताना पोटभर खायला घालून न्या, कारण नंबर कधी येईल सांगता येत नाही, आणि उपाशी नऊ वर्षांचं पोर दुपारी तीनला कुणाशीच बोलत नाही. सोबत जन्मदाखला, आधार, वडिलांचा मृत्यूदाखला, रेशन कार्ड, हॉस्टेलची पावती असेल ती, दवाखान्याचा कागद.

पुढं समितीनं सामाजिक चौकशी लावायची, पंधरा दिवसांत ती संपायला पाहिजे, आणि मूल पहिल्यांदा पुढं आल्यापासून चार महिन्यांत शेवटची ऑर्डर. प्रत्यक्षात लांबतं. आमच्या वेळीही लांबायचं, कधी मेंबरच नेमलेले नसतात, कधी चौकशीला जाणाऱ्याकडं गाडी नसते. पण मुलीला बाहेर काढण्याची अंतरिम ऑर्डर या सगळ्यासाठी थांबत नाही, तेवढी तोंडी पण ठामपणे मागा.

पोलिसांचं थोडक्यात. संस्थेत मुलांना सांभाळायला नेमलेल्या माणसानं क्रूरपणे वागवलं तर कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पण २०२१ च्या दुरुस्तीनं, जी सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, या कायद्यातले तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या ऑर्डरशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही असे, करून ठेवलेत, त्यामुळं ठाण्यात 'कोर्टातून ऑर्डर आणा' असं उत्तर मिळालं तर ती दरवेळी टाळाटाळच असते असं नाही. माझ्या मते ही दुरुस्ती चुकीचीच होती, मुलाला कोर्टाची पायरी आणखी एक वाढवून कुणाचं भलं झालं देव जाणे. तरी नोंद करून कॉपी घ्या आणि ती समितीच्या अर्जाला जोडा. मात्र मुलगा किंवा मुलगी लैंगिक त्रासाचं काहीही बोलली, अर्धवट बोलली तरी, मग थांबायचं नाही. ते पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, दखलपात्र, एफआयआर घ्यावाच लागतो, हद्द कुणाचीही असो झिरो एफआयआर होतो, आणि मुलाचा जबाब शक्यतो बाई अधिकाऱ्यानं, वर्दी न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो. ज्याला कळलं आणि ज्यानं कळवलं नाही त्याच्यावरही केस होते.

आता तुमचा मोठा प्रश्न, सरकारचं लक्ष. कागदावर इतकं आहे की वाचून छाती दडपते. कलम ५४ खाली जिल्ह्याची इन्स्पेक्शन कमिटी, तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक संस्थेत जायचंच, कमीत कमी तिघं, त्यात एक बाई आणि एक मेडिकल ऑफिसर, आणि आठवड्याच्या आत रिपोर्ट जिल्हाधिकाऱ्यांकडं. बालकल्याण समितीनं स्वतः महिन्यातून निदान दोन भेटी द्यायच्या. जिल्हाधिकाऱ्यांनी समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा. संस्थेत व्यवस्थापन समिती, तिच्या अध्यक्षपदी जिल्हा बालसंरक्षण अधिकारी. वर बेंगळूरला राज्य बालहक्क आयोग, दिल्लीला राष्ट्रीय. मग पोरं मार का खातात?

कारण इन्स्पेक्शन कसं होतं ते सांगते. गाडी निघायच्या आधी फोन गेलेला असतो. फाटकातून आत गेलं की फिनेलचा वास, सतरंजीची घडी अजून मोडलेली नाही, फळ्यावर आठवड्याचा मेनू ताज्या खडूनं. मेडिकल ऑफिसर साहेब ओपीडीत अडकलेत, त्यांची सही नंतर घेऊ. चहा-उप्पीट येतं. चेकलिस्ट निघते, खोल्या किती, संडास किती, अग्निशामक आहे का, सीसीटीव्ही आहे का. झोपायला मुलामागं चाळीस चौरस फूट जागा पाहिजे, ते टेपनं मोजलं जातं, बरोबरही निघतं. मग शेवटची दहा मिनिटं मुलांशी संवाद. आणि इथं आपल्या बॉर्डरची खास गंमत बघा, टीममधले साहेब कन्नड बोलणारे, बदलीवर आलेले, मुलं मराठी, काही कोकणी, एखादं लमाणी. मग मध्ये दुभाषी कोण? अधीक्षक! ज्याची तपासणी चालू आहे तोच मुलाचं उत्तर साहेबांना सांगतोय. पोर म्हणतं 'रात्री भूक लागते', अधीक्षक हसून सांगतात की त्याला घरची आठवण येते. मी हे कानानं ऐकलंय, दोन्ही भाषा येत होत्या म्हणून कळलं.

एका ठिकाणी सूचनापेटी उघडायला लावली. नियम असा की पेटी ऑफिसपासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ पाहिजे, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडं, आणि आठवड्यातून एकदा मुलांच्या कमिटीसमोर उघडायची. इथं पेटी ऑफिसच्या दाराशी आणि किल्ली अधीक्षकांच्याच जुडग्यात. आत नऊ-दहा चिठ्ठ्या होत्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या, सगळ्यांत 'जेवण चांगले आहे, सर चांगले आहेत' अशा अर्थाचं, आणि सगळ्या कन्नडमध्ये. पोरं मराठी शाळेत जाणारी! रिपोर्टच्या फॉर्ममध्ये मात्र 'सूचनापेटी आहे का' एवढाच रकाना होता, आणि त्याचं खरं उत्तर 'आहे' हेच होतं. आम्ही खाली वेगळा कागद जोडला.

बिहारच्या मुजफ्फरपूरचं २०१८ चं, निवासगृहातल्या मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. ते निवासगृह सरकारी पैशावर चालायचं, म्हणजे सरकारी नजरेखालीच होतं. आतलं बाहेर आलं ते टाटा इन्स्टिट्यूटच्या टीमनं सोशल ऑडिट केलं तेव्हा. त्या टीमनं मुलींशी बोलण्यावर भर दिला, बाकी काही जादू नव्हती. आम्ही नंतर जाताना एक साधी गोष्ट करायचो, गावातली एखादी अंगणवाडी ताई किंवा मराठी शाळेच्या बाई सोबत घ्यायचो, आणि भेट संध्याकाळी ठेवायचो, जेवणाच्या वेळेला. सकाळी अकराला संस्था दिसते, रात्री साडेसातला मुलं दिसतात. स्वयंपाकघरात डाळीचा डबा उघडून बघायचा, गादीखाली बघायचं, आणि मुलांना प्रश्न विचारायच्या ऐवजी त्यांच्या पंगतीला बसायचं. नखं, डोकं, हाताची बेचकी जेवताना आपोआप दिसतात.

म्हणून तुमच्या अर्जात ती ओळ घाला की मुलांशी मराठीत बोलणारी, संस्थेशी संबंध नसलेली व्यक्ती चौकशीत असावी. ही मागणी कुणी करत नाही, आणि केली की नाकारायला कारण सापडत नाही.

भाषेचं आणखी एक. पोलिसांनी 'कन्नडमध्ये आणा' म्हटलं, त्यावर. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठी अर्ज बेकायदा नाही, परत करता येत नाही. पण तुम्हाला तत्त्वाची लढाई लढायची आहे की भाचीला घरी आणायची आहे? लढाई लढायला आपल्याकडं भरपूर लोक आहेत, १९५६ पासून लढतायत. तुम्ही मराठी अर्ज द्या आणि सोबत एक पानाचा कन्नड अनुवाद जोडा. जिल्हा कोर्टाच्या आवारात कायदेसेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायका आणि मुलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोनही लागतो, त्यांचे पॅरालीगल लोक कन्नड अर्ज लिहून देतात.

माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे, तिथं इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं कायद्यातच लिहिलंय, मराठी अर्ज परत येऊ शकतो. मग हिंदीत लिहा, आपल्याला लिपी तीच आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, हे लक्षात ठेवा नाहीतर तेवढ्यावरच फेटाळतात. डीसीपीयूकडं मागा, अमुक संस्थेचं नोंदणीपत्र आणि मागच्या एका वर्षाचे इन्स्पेक्शन रिपोर्ट, मुलांची नावं झाकून. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. हत्यार म्हणून हे धिम्या गतीचं आहे, मुलगी बाहेर आल्यावर वापरा, आधी नको.

समितीनंच दाद दिली नाही तर? डीसी. २०२१ च्या दुरुस्तीतली ही एक गोष्ट मला पटलेली आहे, समितीच्या कामाबद्दल गाऱ्हाणं असेल तर मूल किंवा त्याच्याशी संबंधित कुणीही जिल्हाधिकाऱ्यांकडं तक्रार करू शकतं आणि त्यांनी दोन्ही बाजू ऐकून ऑर्डर द्यायची. समितीची ऑर्डरच चुकीची वाटली तर ते वेगळं, त्याचं अपील तीस दिवसांत बाल न्यायालयात. आमदाराकडं, पेपरवाल्याकडं आधी जाऊ नका असं माझं मत. गेलात की दुसऱ्या दिवशी संस्थेची अख्खी भिंत रंगवलेली असते आणि मुलांना पाठ करून घेतलेलं असतं. बेळगावला अधिवेशन भरलं की हलग्याच्या सुवर्णसौधबाहेर निवेदनांची रांग लागते, त्यातल्या किती निवेदनांचं पुढं काय झालं ते ज्यांनी दिली त्यांना विचारा.

आता खर्चाचं. मला वाटतं तुमच्या बहिणीनं पोरं तिथं ठेवली ती शिक्षणासाठी कमी आणि दोन वेळच्या जेवणासाठी जास्त. हे लपवण्यासारखं काही नाही, अशा संस्थांत मला भेटलेल्या बऱ्याच मुलांना आई होती. आणि कायदा स्वतः म्हणतो की संस्था हा शेवटचा पर्याय. मिशन वात्सल्य म्हणून केंद्राची योजना आहे, खर्च केंद्र आणि राज्य साठ-चाळीस, त्यात स्पॉन्सरशिप म्हणून मुलामागं महिन्याला ४,००० रुपये मिळतात, मूल घरी आईजवळ किंवा नातेवाइकाकडं राहून शाळेत जावं म्हणून. विधवा आईची मुलं थेट त्यात बसतात. उत्पन्नाची अट खेड्यात वर्षाला ७२,००० पर्यंत, शहरात ९६,००० पर्यंत. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या तिथल्या ऑफिसातून काढा, अर्ज डीसीपीयूकडं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या कमिटीची. चंदगडकडच्या तुमच्या पाहुण्यांनी 'बाल संगोपन' योजनेचं सांगितलं असेल, ती महाराष्ट्राची, तिथल्या रहिवाशांना, तुम्ही खानापूरचे म्हणून तिच्यामागं धावू नका. आणि स्पॉन्सरशिपचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून घर चालवू नका, येतात तेव्हा काही महिन्यांचे एकदम येतात. बहिणीची विधवा पेन्शन आणि कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० चालू आहेत का तेही बघा, नसतील तर आधी ते, कारण ते लवकर होतं.

पोरं तुमच्याकडं राहणार की आई परत येणार हे मात्र तुम्ही घरात बसून, तुमच्या बायकोलाही विचारून ठरवा. समिती घरी माणूस पाठवते आणि तो मामीशीच जास्त बोलतो, आम्हीही तेच करायचो.

तर क्रम असा: दवाखाना, मग बहिणीला बोलावणं, समितीत मुलीसाठी अर्ज आणि १०९८, त्यानंतर शाळा बदलून गावातल्या शाळेत नाव घालणं आणि स्पॉन्सरशिप, आणि संस्थेच्या मागं लागणं सगळ्यात शेवटी. शाळा दाखला देत नाही म्हणाली तरी मुलाचं नाव घालायचं थांबवू नका, आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

मला आता दोनच गोष्टी कळवा, हॉस्टेल बाचीच्या अलीकडं की शिनोळीच्या पलीकडं, आणि ठेवताना समितीचा कागद झाला होता का. मेसेजमध्ये कळवा, इथं नको. त्याप्रमाणं अर्जाचा मराठी मसुदा मी लिहून देते, कन्नड कॉपी प्राधिकरणात करून घ्या. बहीण सोमवारपर्यंत येऊ शकत नसेल तर तिची वाट बघू नका, मुलीचा अर्ज तुमच्या नावानं जाऊ दे.